तहानमोड

तहान लागली नाही, ही गोष्ट कधी कुणाच्या लक्षात येते का हो? तहान लागली की कळतं. घसा कोरडा पडतो, जीभ टाळ्याला चिकटते, माणूस उठून माठाकडे जातो. पण ती लागलीच नाही, तर कोण म्हणणार, "अरेच्चा, आज मला तहान नाही लागली"? कुणीच नाही. म्हणून तर तो रोग आमच्या बोरजाईत शिरला, घराघरांत बसला, आणि आम्हाला पत्ता लागला तेव्हा निम्मं गाव सुकायला लागलं होतं.

मी राजश्री चौगुले. चौकातून आत वळलं की डाव्या हाताला आमची पिठाची गिरणी. सगळं आयुष्य तिच्या घरघरीत गेलं, त्यामुळे मी साधं बोलले तरी लोकांना वाटतं भांडतेय. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा भांडतच असते. हे आधी सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे झालं ते एका भांडणापायीच झालं. माझं आणि माझ्या थोरल्या जाऊबाईंचं भांडण.

जाऊबाईंचं नाव विजयमाला. सगळे त्यांना अक्का म्हणतात. आमची घरं समोरासमोर, मध्ये एक बोळ. बोळ तरी किती, तर त्यांच्या कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बंद करायला धावते. एवढ्या जवळ राहून कित्येक वर्षं मी त्यांच्या घरी पाण्याचा थेंब घेतला नव्हता, आणि त्यांनी माझ्या घरी.

कारण आमच्या सासूबाई. त्या अंथरुणाला खिळल्या तेव्हापासून त्यांचं सगळं मी केलं. भरवणं, न्हाऊ घालणं, कूस बदलणं. आमच्या घरात फरशी बसवायला काढली म्हणून थोड्या दिवसांसाठी त्यांना समोर अक्कांकडे हलवलं, आणि नेमक्या तिथंच त्या गेल्या. मी बोळाच्या अलीकडे गहू दळत होते, आणि पलीकडे अक्कांनी एकटीनं त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं. मला कळवलं ते सगळं संपल्यावर.

माझं डोकंच फिरलं. दिवस होईपर्यंत गप्प राहिले, आणि तेराव्याला भरल्या पाहुण्यांत म्हणाले, "या घरात मी पुन्हा पाण्याचा थेंब घेणार नाही." अक्का काही कमी नाहीत. जागेवरनंच म्हणाल्या, "मग मीही तुझ्या घरी घेणार नाही."

झालं. दोघींनी शब्द पाळला. बोलणं बंद झालं नाही हं, तेवढ्या आम्ही अडाणी नाही. माझ्या मुलीच्या लग्नात अक्का दिवसभर राबल्या, पंगती वाढल्या, रुखवत मांडलं, आणि तहान लागली की बोळ ओलांडून आपल्या घरी जाऊन पाणी पिऊन आल्या. अक्कांचे मालक गेले तेव्हा मी त्यांच्याकडे अख्खा दिवस बसून होते, तशीच कोरडी. गावात आमच्यावर विनोद व्हायचे. होऊ देत.

आता रोगाचं सांगते.

दोन हजार बेचाळीस सालच्या उन्हाळ्याआधी आमच्या तळ्यावर तरंगत्या सौरपट्ट्या बसवल्या. सगळं तळं काळंभोर झाकून गेलं. वीज आली, पाण्याची वाफ व्हायची थांबली, आम्ही खूष. पण झाकलेल्या पाण्याला ऊन लागेना आणि तापलेल्या पट्ट्यांची ऊब मात्र मिळाली. त्या उबेत एक जीव वाढला. डोळ्याला न दिसणारा, एका पेशीचा, स्वतःभोवती कडक कवच करून घेणारा. पाण्यात नेहमीचं औषध टाकत होते, त्याला तो दाद देईना.

हे सगळं मला आमच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर रेश्मा मुल्लाणींनी समजावलं. पोरगी माझ्या लेकीपेक्षा लहान, पण एक शब्द अवघड बोलायची नाही.

"काकू, आपल्या डोक्यात मोहरीएवढी एक जागा असते," ती म्हणाली. "अंगातलं पाणी कमी झालं की रक्त खारट होतं. त्या जागेला ते बरोबर कळतं आणि ती माणसाला पाण्यासाठी उठवते. हा जीव आंघोळ करताना नाकात जातो, वासाच्या नसेवरनं वर चढतो, आणि नेमका त्या जागेभोवती ठाण मांडून बसतो. मेंदू खात नाही, फोडत नाही. फक्त तिला गप्प करतो."

"आणि त्यात त्याचा काय फायदा?"

"शरीर सुकलं की त्याचं कवच घट्ट होतं. ओल्या अंगात त्याला जगणं कठीण जातं."

पाण्यात रोग आहे म्हटल्यावर गावानं काय केलं असेल? पाणी प्यायचंच बंद केलं! पोटात गेलेला तो जीव पोटातच मरत होता, धोका होता तो नाकाला. आंघोळीचं पाणी उकळा आणि पिण्याचं भरपूर प्या, असं डॉक्टर घसा फोडून सांगत होत्या, आणि लोक नेमकं उलटं करत होते. लोकांनीच त्याला तहानमोड नाव दिलं. कागदावर त्याचं काहीतरी लांबलचक नाव आहे, ते मला उच्चारता येत नाही.

सुरुवात अगदी साधी. थोडी सर्दी, कणकण, नाकात झोंबल्यासारखं. ते बरं होतं आणि माणूस विसरून जातो. मग हळूहळू पाणी सुटतं. चहा होतो, आमटी होते, पण नुसतं पाणी राहून जातं. ओठ फुटतात, लघवी गडद होते, माणूस चिडचिड करायला लागतो. त्यापुढं पाणी बेचव लागतं, घशाखाली उतरेनासं होतं. कापूस गिळतोय असं म्हणतात लोक. आणि त्यानंतर येते ती कारणाची पायरी. ती सगळ्यात वाईट. त्याबद्दल पुढं सांगते, कारण ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

अक्का गिरणीत ज्वारी घेऊन आल्या होत्या. त्यांचे ओठ मला दुरूनच दिसले, भेगाळलेले, कडेला रक्त सुकलेलं.

"अक्का, पाणी पिता का नाही?"

"तुला काय करायचंय? दळ तू."

"डोळे बघा जरा आरशात. खोल गेलेत."

"म्हातारपणी खोलच जाणार. वर येतात का?" असं म्हणून वळल्या आणि डबा तिथंच विसरून चालू लागल्या. पायरीवर तोल गेला. ह्यांनी पळत जाऊन धरलं म्हणून बरं, नाहीतर कपाळमोक्ष होता.

तसंच रिक्षानं आरोग्य केंद्रात नेलं, तिथं डॉक्टरनी बोटाला टोचून रक्त बघितलं. मग मला बाजूला घेतलं. दवाखाना भरून व्हरांड्यातही खाटा होत्या, पण अडचण जागेची नव्हती. अक्कांचं हृदय मुळात अशक्त. शिरेतून भराभर पाणी दिलं तर ते फुप्फुसात साठणार. नाकातून नळी घालावी तर या रोगात नाकाचा वरचा भाग सुजलेला, रक्त थांबायचं नाही. राहिलं काय, तर तोंड.

"तोंडानं, थोडं थोडं, दिवसभर," ती म्हणाली. "शरीराची फौज त्या जागेपर्यंत पोचायला काही आठवडे लागतात. पोचली की तो जीव मरतो. तोपर्यंत पोटात पाणी जात राहिलं तर अक्का वाचतील. दुसरं औषध आज तरी माझ्याकडं नाही."

"आणि नाही गेलं तर?"

"आधी भ्रम होईल, मग नुसत्या झोपून राहतील. मग किडन्या बंद पडतील. काकू, त्यांच्याजवळ सतत कुणीतरी पाहिजे."

कुणीतरी म्हणजे कोण? त्यांचा धैर्यशील डेन्मार्कला. फोनवर रडकुंडीला आला होता बिचारा. तिकडच्या सरकारनं आमच्याकडची विमानं बंद केलेली. "काकी, आईला तुझ्याकडं ने," म्हणाला. तो म्हणायची मी वाट बघत होते होय? मी आधीच त्यांची पिशवी भरून रिक्षात बसले होते.

तर अक्का आमच्या घरी आल्या. माझ्या खाटेवर झोपवलं, उशाशी तांब्या ठेवला, पेला भरला.

"घ्या."

त्यांनी पेल्याकडं बघितलं. मग माझ्याकडं. आवाज अगदी शांत होता. "मी या घरी पाणी पीत नाही."

मला हसूच आलं. "अहो, आता कसला शब्द नि कसलं काय! घ्या गुमान."

"मी बोललेय. सगळ्यांसमोर बोललेय."

मी चमचा तोंडाला लावला. त्यांनी दात घट्ट मिटले. पाणी हनुवटीवरनं ओघळून पदरात गेलं. ह्यांनी प्रयत्न केला. "वहिनी, तो शब्द आम्ही मागं घेतला." तर त्यांच्याकडं बघून म्हणतात, "भाऊजी, तुम्ही कुठं दिला होता, मागं घ्यायला?" बोलण्यात चूक काढायला जागा नाही! भ्रम म्हणावा तर इतका शहाणा भ्रम मी बघितला नव्हता.

मी ताक करून दिलं. "पाणी घातलंयस त्यात." कलिंगडाची फोड दिली, ती खाल्ली. आमटी पातळ केली, तर भाताची फक्त शितं खाऊन वाटी बाजूला सारली. मी डॉक्टरना फोन लावून चक्क ओरडले, "ही बाई हट्टानं मरणार आहे!"

डॉक्टर घरी आली. अक्कांना तपासलं, आणि मला ओट्यावर घेऊन बसली.

"हा हट्ट नाही, काकू. हीच कारणाची पायरी. मेंदूला पाणी नको असतं, पण का नको ते त्याला ठाऊक नसतं. माणसाच्या मनाला कारणाशिवाय राहवत नाही. मग ते आतलं काहीतरी उचलतं. आमच्याकडं एक आजोबा आहेत, त्यांची रोज निर्जळी एकादशी. एक एसटीचे ड्रायव्हर आहेत, ते म्हणतात गाडी घाटात आहे, उतरता येणार नाही. त्यांना समजावलं तर नवं कारण काढतात, आणि ते पहिल्यापेक्षा घट्ट असतं."

"म्हणजे हा रोग बोलतोय? अक्का नाही?"

ती म्हणाली, "रोगाला कारण बनवता येत नाही. आत असलेलंच तो उचलतो. ज्याच्या मनात जे सगळ्यात पक्कं बसलंय ते."

 इतकी वर्षं मला वाटत होतं अक्कांना त्याचं काही नाही. तोऱ्यात म्हणाल्या आणि विसरल्या. मलाच तेवढं सलतंय. आणि इथं ही बाई नवऱ्याचं जाणं, पोराचं लांब राहणं, सगळं बाजूला सारून मनाच्या तळाशी माझंच भांडण घेऊन बसली होती. मला खूप वाईट वाटलं. रागही आला. दोन्ही एकदम.

"मग करू काय?"

"कारण मोडू नका. त्या कारणाच्या आतूनच वाट काढा. एकादशीवाल्या आजोबांना आम्ही सकाळी म्हणतो, आज द्वादशी, पारणं करा. पितात."

मग मी वाट काढायला लागले. या घरी पीत नाहीत ना? बरं. उचलून बोळात खुर्चीवर बसवलं. बोळ गावाचा. शेजारच्या जरीनाबीच्या घरातनं तांब्या मागवला. अक्कांनी बोळ बघितला, तांब्या बघितला, आणि घटाघटा अर्धा पेला प्याल्या. माझ्या जिवात जीव आला. संध्याकाळी पुन्हा बसवलं, पुन्हा तांब्या आला. अक्कांनी पेला तोंडाशी नेला आणि थांबल्या.

"खुर्ची कुणाची?"

"अहो, खुर्चीचं काय घेऊन बसलाय!"

"तुझी आहे. तुझ्या घरचीच आहे ही." पेला खाली.

दुसऱ्या दिवशी जरीनाबीच्या घरात नेलं, तर म्हणाल्या, "हिनं आणलं ना मला? हिच्या घरातनंच आले की मी." एकेक वाट अशी बुजत गेली. दुपारपर्यंत त्यांचं बोलणं जड झालं होतं. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती, खाली बसत नव्हती. मला दारातल्या दारात रडायला आलं. ह्यांनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "राजश्री, त्यांना त्यांच्या घरी ने."

"तिथं कोण बघणार त्यांच्याकडं?"

"तू बघ. तिथं जाऊन बघ."

बघा, आजारी माणसाला कुणीही आपल्या घरी आणतं. मीही तेच केलं होतं. पण ज्या घरी पाणी पिणार नाही म्हणून शब्द दिलेला, त्याच घरात त्यांना पाण्यासाठी आणून ठेवलं होतं मी.

अक्कांना त्यांच्या घरी नेलं. बोळ ओलांडताना माझ्या खांद्यावर त्यांचा सगळा भार होता. उंबऱ्याच्या आत पाय पडला आणि त्या जरा सरळ झाल्या. भिंतीला धरत धरत स्वयंपाकघरात गेल्या. मी मागनं. मला कट्ट्याजवळच्या पाटाकडं बोट करून म्हणाल्या, "बस."

मी बसले. मी इतकी वर्षं त्या स्वयंपाकघरात गेले नव्हते. आमच्या सासूबाईंची खाट त्याच्याच शेजारच्या खोलीत होती, दार उघडं होतं.

मी दोन पेले भरले. एक त्यांच्या हातात दिला. "अक्का, हे तुमचं घर. आता तरी घ्या."

त्यांनी पेला धरला. प्याल्या नाहीत. कपाळाला आठी घालून माझ्याकडं बघत राहिल्या. आता कुठलं नवं कारण निघतंय, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

"माणूस घरी आलंय," त्या कष्टानं म्हणाल्या. "ते कोरडं बसलंय. मी कशी पिऊ?"

इतका वेळ मी त्यांच्या शब्दाशी झगडत होते. माझ्या शब्दाचं माझ्या लक्षातच नव्हतं.

खोटं नाही सांगत, माझा हात उठला नाही. डोळ्यांसमोर त्या शेजारच्या खोलीतली खाट आली. सासूबाईंचं, आमच्या आईंचं, तोंड आलं. मी इतकी वर्षं तो राग जपला होता. त्यात माझं आईंवरचं प्रेम होतं, मी केलेलं सगळं होतं, तो सोडला तर त्या सगळ्याचं काय राहिलं, असं वाटत होतं मला. "अक्का," मी म्हणाले, "मला का नाही बोलावलं त्या दिवशी?"

त्यांना ऐकूच आलं नाही, किंवा आलं तरी उमगलं नाही. डोळे मिटत चालले होते. पेला हातात कलला आणि थोडं पाणी सांडलं.

उत्तर मिळणार नव्हतं. मी पेला उचलला आणि प्याले. सगळा. एका दमात.

अक्कांनी डोळे उघडले. रिकाम्या पेल्याकडं बघितलं. आणि मग यजमानीण बाईनं पाहुण्याला सोबत करावी तशा, घोट घोट करत, स्वतःचा पेला संपवला. मी तोंडात पदर कोंबून रडले.

डॉक्टरना सांगितलं तर ती फोनवरच ओरडली, "काकू, हेच धरून ठेवा! तहानेची जागा गप्प झालीय, पण हातांची सवय दुसरीकडं असते. तिला धक्का नाही लागलेला."

मग काय, माझा नवा धंदा सुरू झाला. मी सकाळी त्यांची कडी वाजवायची. अक्का आत बोलवायच्या. "आलीस? बस. पाणी आणते." त्यांनी आणायचं म्हणजे मी भरून त्यांच्या हातात द्यायचं आणि त्यांनी ते मला द्यायचं. मी प्यायचं, मग त्यांनी. थोडा वेळ बसून मी उठायची, बाहेर जायची, बोळात एक फेरी मारून पुन्हा कडी वाजवायची. "आलीस? बस. पाणी आणते." त्यांना दर वेळी मी नव्यानंच आलेली असायची. पहिल्या पहिल्यांदा मला कसंतरी व्हायचं. नंतर गंमत वाटायला लागली.

"बऱ्याच दिवसांनी आलीस गं."

"हो ना, अक्का. वेळच होत नाही."

"गिरणी चालतेय ना?"

"चालतेय की. तुमचा दीर बसलाय तिथं जांभया देत."

"त्याला जांभया दुसरं काय येतं!" आणि आम्ही दोघी हसायचो.

माझी अवस्था काय विचारता! त्यांच्या पेल्याला माझा पेला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. चालले की पोटात डचमळायचं. हे म्हणायचे, "गावात सगळ्यांना पाण्याची शुद्ध नाही, आणि तू फुटणार आहेस एक दिवस." त्यांना हसायला काय जातंय? मोरीकडं पळायला मी होते ना.

हळूहळू अक्कांच्या कातडीत ओल आली. ओठ भरले. एके दिवशी मी कडी वाजवली तर त्या म्हणाल्या, "अगं, आत्ताच तर गेलीस." मी उंबऱ्यावरनंच ह्यांना हाक मारली. त्यांचं डोकं जाग्यावर आलं होतं.

पुढं त्यांच्या रक्तात तो जीव मेल्याच्या खुणा सापडल्या. डॉक्टर पेढे घेऊन आली. तळ्यावरच्या पट्ट्या आता निम्म्या काढल्यात, ऊन पाण्यापर्यंत पोचतं. नवे रोगी थांबले. पण जे वाचले त्यांतल्या बऱ्याच जणांची तहान परत आली नाही. ती मोहरीएवढी जागा पुन्हा उठलीच नाही. अक्कांचीही नाही. त्यांच्यासाठी एक पट्टी निघालीय, दंडावर चिकटवायची. घामातनं रक्ताचा खारटपणा ओळखते, आणि पाण्याची वेळ झाली की गुणगुणते. धैर्यशीलनं फोनवरनं सतरा वेळा बजावलं, "काकी, आईला पट्टी काढू देऊ नकोस." अक्कांनी लावली. गुणगुणली की उठून पाणी पिऊ लागल्या. मला काही काम उरलं नाही. मी गिरणीत बसायला लागले. सकाळी एकदा डोकवायचं, "झालं ना पाणी?" "झालं." "मग येते मी." एवढंच.

आणि परवा दुपारी मी सहज त्यांच्याकडं मेथीची जुडी द्यायला गेले, तर बाई खुर्चीत बसलेल्या, ओठ पुन्हा पांढरे, नजर जड. दंड मोकळा. पट्टी टेबलावर पडून एकसारखी गुणगुणत होती.

मी कडाडले. "अक्का! हे काय चाललंय? वेड लागलंय का तुम्हाला? किती मरमर केली मी! पोट फुटेस्तोवर पाणी प्यालेय तुमच्यापायी! मरायचंच होतं तर तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"ओरडू नकोस गं."

"ओरडणारच! प्या आधी."

मी पेला दिला. प्याल्या. गुमान प्याल्या, काही कारण सांगितलं नाही. म्हणजे रोग नव्हता हा. शुद्धीत होत्या चांगल्या.

"का काढलीत पट्टी?"

त्यांनी पेल्याच्या काठावरनं बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "ती वाजते, मी पिते. तू विचारतेस पाणी झालं का, मी म्हणते झालं, तू लगेच उठतेस. तहानमोड होती तेव्हा तू दिवसभर यायचीस."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"मी अशीच आहे बघ, राजश्री. लबाड." त्यांनी पेला बाजूला ठेवला. "आईंच्या वेळी पण असंच केलं मी. त्यांच्या तोंडात सारखं तुझं नाव. राजश्रीनं हे केलं, राजश्रीला ते कळतं. माझ्याकडं आल्या तरी तेच. शेवटी श्वास लागला तेव्हा मला कळलं होतं. बोलावू शकले असते तुला, बोळाएवढं तर अंतर. पण वाटलं, हे एवढं तरी माझ्या हातनं होऊ दे. एवढं एक माझं असू दे. तुला रडताना बघितलं आणि मग सांगायची लाजच वाटली. तेराव्याला तू बोललीस, मीही बोलले. बरं झालं वाटलं, आता सांगायला नको."

ज्या उत्तरासाठी मी इतकी वर्षं उपाशी बसावं तशी बसले होते, ते मला मिळालं. आणि मला राग आला नाही हो. शोधला मी, खरंच शोधला. नव्हता. मला फक्त एक बाई दिसली, सासूच्या खाटेशी एकटी बसलेली, जिचं नाव कुणी घेत नव्हतं.

"मला सांगितलं असतंत तर मी भांडले असते," मी म्हणाले.

"हो ना."

"पण त्या दिवशीच भांडून मोकळे झालो असतो."

"हो ना," त्या पुन्हा म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं.

मी टेबलावरची पट्टी उचलली, त्यांचा दंड कोरडा केला, आणि ती नीट दाबून चिकटवली. "ही पुन्हा काढलीत तर माझ्याशी गाठ आहे. पाण्यासाठी ही आहे. मला बोलवायला आजारी पडायची गरज नाही. कळलं का?"

"कळलं."

"काय कळलं?"

"तू ओरडतेस फार, हे कळलं."

पट्टी गुणगुणली. इतक्या वेळच्या कोरडेपणाची भरपाई बाकी होती ना. मी दोन पेले भरून आणले. अक्का प्याल्या, मी प्याले. गिरणीत लोकांचे डबे रांगेत लागले असतील, हे एकटे वैतागले असतील, सगळं मला माहीत होतं. अक्कांनी रिकामा पेला खाली ठेवला आणि सवयीनं माझ्याकडं बघितलं, मी कधी उठते म्हणून.

मी पाय वर घेऊन मांडी घातली. "ती मेथी द्या इकडं," मी म्हणाले, "निवडूया."